तरुणाचा दिवस, तरुणाची करमणूक, तरुणाची निष्ठा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मागे वळून पाहण्याची प्रथा आहे. तथापि पन्नास वर्षांच्या संस्थेने केवळ मागे पाहून चालत नाही. पुढील पन्नास वर्षे जे तिचा भार उचलणार, त्या तरुण पिढीकडेही तिने डोळसपणे पाहिले पाहिजे. आजकाल चार वडीलधारी माणसे एकत्र जमली की तरुणांविषयी तीन तक्रारी ऐकू येतात. पहिली, त्यांच्या दिनचर्येला शिस्त नाही. दुसरी, त्यांना करमणुकीखेरीज काही सुचत नाही. तिसरी, त्यांची कशावरही निष्ठा नाही. या तक्रारींत तथ्य किती आणि वयोमानाची किरकिर किती, हे तपासण्यासाठी उपदेशापेक्षा उदाहरण अधिक उपयोगी पडते. ते उदाहरण दूर शोधण्याचे कारण नाही. सोलापूरच्या मातीतच ते उपजले आहे. त्या तरुणाचे नाव डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

भैय्या चौकातून रोज हजारो सोलापूरकर ये-जा करतात. तेथील कोटणीस स्मारकही त्यांच्या ओळखीचे असते. परंतु डॉक्टरांची ओळख 'चीनला गेलेले डॉक्टर' या तीन शब्दांपलीकडे फार थोड्यांना आहे. त्यांना देव्हाऱ्यात बसवून हात जोडणे सोपे आहे. त्याऐवजी अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण म्हणून त्यांच्याकडे पाहावे, त्याचा दिवस कसा जात होता, त्याचे मन कशात रमत होते आणि तो कशासाठी उभा राहिला हे समजून घ्यावे, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

घर आणि गाव

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. दोन भाऊ आणि पाच बहिणी असा भावंडांचा मोठा परिवार, आणि घरची परिस्थिती मध्यमवर्गीय. त्या काळचे सोलापूर हे गिरण्यांचे गाव होते. गिरणीच्या भोंग्यावर शहराचा दिवस उगवत असे आणि भोंग्यावरच मावळत असे. पहाटेच्या पाळीचा भोंगा झाला की चुली पेटत, भाकऱ्या थापल्या जात, आणि डबे घेतलेली माणसे गिरणीच्या वाटेला लागत. ज्यांच्या घरी घड्याळ नव्हते त्यांचीही शिस्त चुकत नसे. घरोघरी हातमाग खटखटत. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा एकाच बोळात ऐकू येत. अशा गावात वाढलेल्या मुलाला परकी भाषा आणि परका माणूस यांचे भय लहानपणीच कमी झालेले असते. सोलापूरने आपल्या मुलांना दिलेली ही शिदोरी लहानसहान नाही.

या गावाची आणखीही एक ओळख होती. १९३० च्या मे महिन्यात सोलापूर पेटून उठले आणि इंग्रज सरकारला येथे लष्करी कायदा पुकारावा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या कारागृहात फाशी देण्यात आले. चार हुतात्म्यांची ही नावे उच्चारली की चार पंथांचे आणि चार पेठांचे सोलापूर डोळ्यांसमोर येते. त्या दिवशी द्वारकानाथ वीस वर्षांचे होते. त्या पिढीच्या तरुणाला देशाचा प्रश्न वर्तमानपत्र उघडून शोधावा लागत नव्हता. तो त्याच्या गल्लीतच उभा होता.

पुढे ते मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. हे महाविद्यालय १९२६ साली एका धनिकाच्या देणगीतून उभे राहिले, आणि तेथे अध्यापक भारतीयच असावेत अशी अट त्या देणगीला जोडलेली होती. दानशूर घराण्यांचे प्रतिनिधी येथे उपस्थित आहेत, म्हणून या अटीचा मुद्दाम उल्लेख केला. देणगीबरोबर एखादा विचार जोडला, तर ती इमारतीच्या आयुष्याहून अधिक काळ टिकते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

एक हाक आणि एक निर्णय

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्याची विनंती केली. १९३८ साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देशाला आवाहन केले. जुलैच्या ७ ते ९ या तारखांना 'चीन दिन' पाळून निधी गोळा करण्यात आला आणि बावीस हजार रुपये जमले. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्या पीडित देशासाठी झोळी फिरवावी, ही घटनाच विलक्षण होती.

या निधीतून पाच डॉक्टरांचे पथक निघाले. त्याचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल. त्यांच्यासोबत नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. कोटणिसांची त्या वेळी पदव्युत्तर शिक्षणाची तयारी चालू होती. स्वतःचा दवाखाना काढावा, जग पाहावे, अशी त्यांची स्वप्ने होती. ती सर्वसामान्य तरुणाचीच स्वप्ने होती. चीनला जाण्याचा विषय निघाला तेव्हा घरात चीनविषयी कोणालाच फारशी माहिती नव्हती. चिनी रेशीम विकायला दारावर माणसे येत, तेवढाच काय तो चीनचा परिचय, असे त्यांच्या भगिनींनी पुढे सांगितले आहे. कापडाच्या गावातील घराला चीन कळला तोही रेशमाच्या ताग्यातून! त्या ताग्यापलीकडे माणसे राहतात, ती जखमी होतात आणि त्यांच्यासाठी डॉक्टर हवा असतो, एवढी गोष्ट या तरुणाला उमगली.

सप्टेंबर १९३८ मध्ये पथकाने मुंबईचा किनारा सोडला. पाचही डॉक्टरांना चिनी नावे मिळाली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी 'हुआ', म्हणजे चीन, हे अक्षर जोडण्यात आले. कोटणीस 'के दिहुआ' झाले. मात्र पुढच्या मुक्कामी पोहोचण्यापूर्वीच खरी परीक्षा समोर आली. पथक चुंगकिंगला असताना वडिलांच्या निधनाची वार्ता त्यांना समजली.

बंधुभगिनींनो, या ठिकाणी क्षणभर थांबणे आवश्यक आहे. घरातील कर्ता पुरुष गेलेला, भावंडांचा मोठा परिवार मागे, आणि शिकलेला डॉक्टर मुलगा हजारो कोस दूर. अशा वेळी त्याने परतावे असे कोणालाही वाटेल, आणि परतला असता तर कोणी बोलही लावला नसता. परंतु कोटणिसांनी पथकासोबत पुढे जाण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय बरोबर होता की चूक? चरित्रकार या प्रश्नावरून पटकन पुढे सरकतात. परंतु ज्यांच्या घरी मुलांची वाट पाहणारी आई आहे, त्यांना तसे पुढे सरकता येत नाही. सोलापुरातील त्या घराने या निर्णयाची किंमत मोजली. ती किंमत कोणत्याही स्मारकावर कोरलेली नसते. मोठ्या माणसाच्या त्यागात त्याच्या घरच्यांचाही वाटा असतो, आणि तो वाटा त्यांनी मागून घेतलेला नसतो, याची जाणीव ठेवूनच अशा जीवनाकडे आदराने पाहिले पाहिजे.

दिनचर्या

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनान येथे पोहोचले. तेथील मातीच्या डोंगरांत कोरलेल्या गुहा हीच घरे, हीच शाळा आणि हेच रुग्णालय. अन्न म्हणजे मुख्यतः राळे. हे भरड धान्य महाराष्ट्रालाही परिचित आहे, परंतु ज्वारीच्या भाकरीवर आणि शेंगाच्या चटणीवर वाढलेल्या सोलापूरकराला रोजच्या रोज राळ्यावर राहणे सोपे गेले नसेल. औषधांचा तुटवडा, शस्त्रक्रियेच्या साधनांची चणचण, आणि थंडी तर सोलापूरच्या माणसाने कल्पनेतही न पाहिलेली.

१९३९ च्या अखेरीस ते उत्तर चीनमधील आघाडीकडे निघाले. कॅनडाचे थोर शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचे १२ नोव्हेंबर १९३९ रोजी, शस्त्रक्रिया करताना झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन निधन झाले होते. त्यांच्या नावाने चाललेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये या तिशीतल्या सोलापूरकराकडे आले. तत्पूर्वी १९४० सालच्या एका प्रदीर्घ लढाईत त्यांनी झोप न घेता सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्याची नोंद आहे. त्या काळातील लढायांत आठशेहून अधिक जखमींवर त्यांनी उपचार केले.

बहात्तर तासांचा पराक्रम सर्वजण सांगतात. त्याहून अधिक शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांचा रोजचा क्रम. दिवसा रुग्ण, त्यानंतर विद्यार्थ्यांना शिकवणे, आणि उरलेल्या वेळात चिनी भाषेचा अभ्यास. चिनी लिपी ही शेकडो-हजारो चिन्हांची. ती शिकायला जन्म पुरत नाही, असे म्हणतात. कोटणीस ती बोलायला, वाचायला आणि लिहायला शिकले, त्या भाषेत व्याख्याने देऊ लागले, आणि विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियाशास्त्राचे पाठ्यपुस्तकही त्यांनी तयार केले. दुसऱ्या पुस्तकाचे लेखन त्यांच्या मृत्यूच्या वेळी अपुरे राहिले. अवघ्या चार वर्षांत परक्या भाषेत पाठ्यपुस्तक लिहिण्याएवढी मजल ज्याने मारली, त्याच्या दिवसाचे तास काही चोवीसाहून अधिक नव्हते. शिस्त म्हणजे पहाटे उठणे एवढाच अर्थ आपल्याकडे रूढ झाला आहे. ज्यांच्यात राहायचे त्यांची भाषा रोज थोडी थोडी शिकणे, ही त्याहून कठीण शिस्त होय.

करमणूक

आता दुसऱ्या तक्रारीकडे वळू या. आजच्या तरुणाला करमणूक फार लागते, असे म्हटले जाते. प्रश्न असा की, ती कोणत्या काळातल्या तरुणाला लागली नाही? कोटणिसांची पिढी ही बोलपटांबरोबर तरुण झालेली पिढी. १९३१ साली 'आलम आरा' आला, १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, आणि पडद्यावरची माणसे मराठीत बोलू लागली. १९३६ साली 'संत तुकाराम' आणि १९३७ साली 'कुंकू' प्रदर्शित झाला. त्या वेळच्या वडीलधाऱ्यांनीही 'सिनेमाने पोरे बिघडली' असेच म्हटले. परंतु 'कुंकू' पाहून बाहेर पडलेल्या तरुणाच्या मनात जरठ-बाला विवाहाविषयी चीड उत्पन्न होत होती, आणि १९४१ च्या 'शेजारी'मध्ये हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांचे तुटलेले मैत्र पाहून प्रेक्षक अंतर्मुख होत होता. एका तिकिटात करमणूकही होती आणि विचारही.

येनानमध्येही करमणुकीला मज्जाव नव्हता. युद्ध चालू असताना, उपासमार समोर असताना, तेथे नाटके होत, समूहगान होई, शनिवारी नृत्याचे कार्यक्रमही होत. तेथे १९३८ साली लू शुन यांच्या नावाने कला अकादमी स्थापन झाली होती. चीनमध्ये आजही गायिला जाणारा 'पीत नदी' हा समूहगानाचा महाप्रबंध एप्रिल १९३९ मध्ये येनानलाच प्रथम सादर झाला, तेव्हा भारतीय पथक त्याच गावी मुक्कामाला होते. नाकेबंदीच्या काळात त्या प्रदेशात प्रत्येकाला शेतात राबावे लागे आणि चरख्यावर सूत काढावे लागे. सूतकताई आणि समूहगान या दोन्ही गोष्टी भारतातून गेलेल्या डॉक्टरांना अनोळखी वाटल्या नसतील. स्वातंत्र्याच्या चळवळीत आपल्याकडे प्रभातफेरी आणि चरखा यांनी तेच कार्य केले होते.

डॉ. कोटणिसांच्या सहजीवनाचा आरंभही एका मेळाव्यातच झाला. डॉ. बेथ्यून यांच्या समाधीच्या उद्घाटनप्रसंगी परिचारिका-अध्यापिका क्वो छिंगलान यांनी त्यांना प्रथम पाहिले. परदेशी असून चिनी बोलणारा, थोडे लिहूही शकणारा हा डॉक्टर त्यांच्या मनात भरला. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी दोघे विवाहबद्ध झाले. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना पुत्र झाला. त्याचे नाव 'यिनहुआ' ठेवण्यात आले. 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन.

आणि मग करमणुकीच्या माध्यमानेच या तरुणाचे ऋण फेडले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले, आणि १९४६ साली व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिरातर्फे 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. शांतारामांनी स्वतः कोटणिसांची भूमिका केली, जयश्रीबाई नायिका झाल्या आणि वसंत देसाई यांनी संगीत दिले. पुस्तके न वाचणाऱ्या लक्षावधी माणसांना सोलापूरचा हा डॉक्टर ठाऊक झाला तो चित्रपटगृहाच्या अंधारात. म्हणून करमणूक म्हटली की नाक मुरडण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी हे स्मरणात ठेवावे.

आज पडदा हातात आला आहे. तो आठ आण्यांच्या तिकिटाचा राहिलेला नाही आणि त्याला मध्यंतरही नाही. येथे मात्र तरुणांनीही विचार करावा. चित्रपट संपला की दिवे लागत, शेजारी बसलेला मित्र दिसे, आणि घरी परतताना त्यावर वाद होई. एकट्याने पाहिलेली आणि बोटाने पुढे ढकललेली चित्रफीत वादाला वावच ठेवत नाही. कापड खरेदी करताना जाणकार गिऱ्हाईक वरची चकाकी पाहून भुलत नाही. तो ताणा-बाणा पाहतो, कापड हातात घेऊन चुरगाळून पाहतो, आणि मग भाव विचारतो. करमणुकीचीही अशीच पारख करावी. दुसऱ्या दिवशी मनात काय उरले, मित्राला सांगावेसे काय वाटले, यावरून तिचा कस कळतो.

निष्ठा

तिसरा आणि सर्वांत गंभीर मुद्दा निष्ठेचा. कोटणीस चीनला गेले ते डॉक्टर म्हणून. जुलै १९४२ मध्ये त्यांनी चीनच्या साम्यवादी पक्षाचे सभासदत्व स्वीकारले. ही वस्तुस्थिती लपविण्याचे कारण नाही. व्यापार-उदीम करणाऱ्या समाजात साम्यवादाविषयी फारसे प्रेम असण्याचा संभव नाही. पुढे १९६२ साली चीनने भारतावर आक्रमण केले, २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात भारतीय जवानांचे रक्त सांडले, आणि चिनी मालाने येथील यंत्रमागाच्या धंद्याला घातलेला घोर सर्वांच्या परिचयाचा आहे. अशा स्थितीत, ज्या सैन्याची शुश्रूषा कोटणिसांनी केली त्याचे नाव घेताना मनात कडवटपणा येणे स्वाभाविक आहे. 'मग या त्यागाचे फलित काय?' असा प्रश्न आजचा तरुण विचारतो, आणि तो विचारण्याचा त्याला अधिकार आहे.

याचे उत्तर असे देता येईल की, १९४० साली शस्त्रक्रियेच्या मेजावर पडलेला जखमी शेतकरी पुढे काय होणार होता, त्याचा देश वीस वर्षांनी कसा वागणार होता, हे डॉक्टरला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असते तरी त्याने टाका घालायचे थांबविले नसते. जपानी आक्रमणाखाली भरडला जाणारा चीन त्या वेळी अन्यायग्रस्त होता, आणि अन्यायग्रस्ताच्या बाजूला उभे राहणे हीच त्यांची निष्ठा होती. राज्यकर्त्यांचे करार मोडतात, सीमा पेटतात, पुन्हा थंड होतात. माणसाने माणसासाठी केलेले काम मात्र जमाखर्चाच्या वहीत कायम जमेकडेच राहते. चीनने १९८२ साली आणि भारताने १९९३ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. दोन्ही देशांच्या संबंधांत अनेक चढउतार झाले, पण शिच्याच्वांग येथील त्यांच्या समाधीवर फुले वाहिली जातच राहिली.

या निष्ठेची किंमत त्यांनी प्राणाने दिली. अपुरे अन्न आणि अतिश्रम यांनी प्रकृती खालावली होती. त्यांना अपस्माराचे झटके येत असत. ९ डिसेंबर १९४२ रोजी अशाच झटक्यांत त्यांची प्राणज्योत मालवली. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा. पथकातील इतर चौघे कालांतराने मायदेशी परतले. कोटणीस परतले नाहीत. सेनेने आपला एक हात गमावला आणि राष्ट्राने मित्र गमावला, अशा आशयाचा शोकसंदेश माओ त्से-तुंग यांनी दिला. यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ साली ऐन तारुण्यात निवर्तला. क्वो छिंगलान यांनी अनेकदा भारतात येऊन सासरच्या माणसांशी नाते जपले. २०१२ साली त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी १ जानेवारीला सोलापुरातील कोटणिसांच्या घराचे स्मारक म्हणून लोकार्पण झाले होते.

वडीलधाऱ्यांसाठी आणि तरुणांसाठी

आज सोलापुरातील घराघरांत एकच चिंता आहे. गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले. शिकलेली मुले पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला जातात. पेढीच्या गादीवर बसायला कोणी तयार नाही. 'मुलगा परत येईल का' हा प्रश्न, कोटणिसांच्या घराने १९३८ साली विचारला असेल तोच, आज अनेक घरांत रात्रीच्या जेवणानंतर न बोलता विचारला जातो. त्याचे सरसकट उत्तर कोणाजवळ नाही. परंतु कोटणिसांच्या जीवनातून काही गोष्टी निश्चितपणे घेता येतात.

वडीलधाऱ्यांनी घ्यावयाची गोष्ट अशी. मुलगा गावात राहिला की दूर गेला, यावर त्याची परीक्षा करू नये. तो जेथे आहे तेथील माणसांच्या उपयोगी पडतो काय, तेथील भाषा शिकतो काय, हे पाहावे. पेढीवर बसूनही माणूस कोणाच्या कामाचा नसू शकतो, आणि हजारो कोसांवर जाऊनही तो आपल्या गावाचे नाव राखू शकतो. मुलांशी बोलताना 'किती कमावतोस' या प्रश्नाआधी तीन प्रश्न विचारावेत : आजचा दिवस कसा गेला, कशात मन रमले, आणि कोणती गोष्ट तुला चुकीची वाटते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या मताविरुद्ध आले तरी ते पूर्ण ऐकून घ्यावे. निष्ठा नाही अशी ओरड करणाऱ्या घरांत पुष्कळदा ती व्यक्त करण्याचीच सोय नसते.

तरुणांनी घ्यावयाची गोष्टही तेवढीच स्पष्ट आहे. कोटणीस चीनला निघाले तेव्हा ते थोर पुरुष नव्हते. परीक्षा, नोकरी, प्रवासाची हौस, घरची ओढ हे सर्व त्यांच्याजवळ होते. त्यांनी एका हाकेला होकार दिला आणि नंतर रोजचे काम रोज केले. थोरवी या रोजच्या कामातून साठत गेली. प्रत्येकाला चीनला जावे लागत नाही. सोलापुरातील शासकीय रुग्णालयात नातलगांवाचून पडलेला रुग्ण, कागद भरता न येणारी विडी कामगार भगिनी, दहावीला गणितात अडलेला यंत्रमाग कामगाराचा मुलगा, यांची हाक ऐकू येण्यासाठी जहाजात बसण्याची आवश्यकता नाही. आठवड्यातील दोन तास जरी कोणी यासाठी वेगळे काढले, तरी करमणुकीला काही कमी पडणार नाही.

घराचे आणि जगाचे कर्तव्य यांचा मेळ नेहमीच बसतो असे नाही. कोटणिसांनाही तो पूर्णपणे बसविता आला नाही. ज्याला तो कधीकाळी बसवावा लागेल, त्याने घरच्यांना विश्वासात घ्यावे, आणि घरच्यांनी त्याला निरोप देताना आशीर्वाद रोखून धरू नये, एवढेच सांगता येईल.

शेवटी विश्वस्त मंडळाला एक नम्र सूचना. सुवर्णमहोत्सवी वर्षात युवक-युवतींची एक सहल भैय्या चौकातील कोटणीस स्मारकावर न्यावी, आणि संस्थेच्या वाचनालयात डॉ. कोटणीस व चार हुतात्मे यांच्यावरील पुस्तकांचे एक स्वतंत्र कपाट असावे. त्या संध्याकाळी सर्वांनी मिळून 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' पाहावा, आणि चित्रपट संपल्यावर दिवे लावून त्यावर मनसोक्त वाद घालावा. त्या वादात तरुणांना आधी बोलू द्यावे आणि वडीलधाऱ्यांनी नंतर बोलावे.